दुसरा गठ्ठा

"आला, भाऊसाहेब, रिपोर्ट आला!" असं म्हणत कौसाबाईनं लाखेचं सील मारलेलं खाकी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते उचललं नाही. एका बोटानं तिच्याकडे परत सरकवलं.

"हे तुमच्याकडे कसं आलं? पोलिसांचं टपाल टपालानं यायला पाहिजे."

"हवालदारानं दिलं. म्हणाला, टपालानं आठ दिवस लागतील, तूच जा घेऊन. काल रात्रीच्या गाडीला बसले, ती थेट आत्ताच उतरले."

चाळिशीची बाई. पायांत टायरच्या चपला, हातात कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखा आनंद. सोमवार होता, अकरा वाजायचे होते. तिचा भाऊ रंगनाथ दुशिंग जन्मठेपेवर होता, दहा वर्षं झाली होती. गावातल्या पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाला, त्यानं फावड्यानं मारलं होतं. आता आई शेवटच्या घटका मोजत होती आणि त्याला तिचं तोंड बघायचं होतं. त्याच्या अभिवचन रजेचा अर्ज, म्हणजे लोक ज्याला पॅरोल म्हणतात तो, आयुक्त कचेरीत माझ्या टेबलावर होता. अडलं होतं फक्त गावच्या पोलीस ठाण्याच्या अहवालावाचून. तोच त्या पाकिटात होता.

"बाई, गुरुवारी आणा हे," मी म्हणालो.

"गुरुवारी? आणलंय की आत्ता."

"आत्ता घेता येत नाही. बुधवारी दप्तर तपासणी आहे. तोवर बारनिशीत, म्हणजे आवक विभागात, काही घेत नाहीत."

हे धादांत खोटं होतं. बारनिशीचा शिक्का तिकडे ठणाठण वाजत होता, तिलाही ऐकू येत असणार. पण कचेरीत आलेला माणूस कानांपेक्षा कारकुनावर जास्त विश्वास ठेवतो, हे मला नोकरीच्या चौथ्या वर्षी पुरतं कळलं होतं.

ही भानगड काय होती ते सांगतो. आमच्या खात्यात प्रत्येक कारकुनानं आपल्या कागदांचे सहा गठ्ठे बांधायचे, अशी जुनी शिस्त. त्यातले चार कुणी सोडूनही बघत नाही. माणसाची लायकी ठरते पहिल्या दोनांवर. पहिला प्रलंबित, म्हणजे तुम्ही करायचं आणि केलं नाही ते. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे तुम्ही तुमचं केलंय, आता दुसऱ्या कुणाचं उत्तर यायचंय. पहिला गठ्ठा जाड असला की साहेब बोलतात. दुसरा कितीही जाड असो, बोलणी खातो तो दुसराच कुणीतरी.

आमच्या शाखेचे अव्वल कारकून पाठारे अण्णा. पान लावत लावत त्यांनी मला ही विद्या दिली होती. "निमसे, कागद टेबलावर आहे तोवर ताप तुला. कुणाला तरी एक पत्र टाक. ताप त्याला." अण्णा स्वतः हे जपून वापरायचे, मीठ वापरावं तसं. मी पोतंच ओतलं. तपासणीची तारीख आली तेव्हा माझ्या पहिल्या गठ्ठ्यात त्रेसष्ट प्रकरणं होती. तेरा दिवसांत मी त्यांतलं एकही ठेवलं नाही. कुणाच्या जामीनदाराचा रहिवासी दाखला मागवला, कुणाच्या वयाचा पुरावा. एका कैद्याच्या अर्जाची शाई फिकट आहे म्हणून तुरुंगाकडून स्वच्छ प्रत मागवली. अण्णा ते पत्र वाचून पानाच्या लाल तोंडानं हसले होते. "पुढच्या वेळी हस्ताक्षर वळणदार नाही म्हणून परत पाठव!"

शनिवारी संध्याकाळी माझ्या गोषवाऱ्यात प्रलंबितच्या रकान्यात शून्य होतं. सगळ्या कचेरीत कुणाचं शून्य नव्हतं. आणि सोमवारी ही बाई एक हातात घेऊन आली.

कौसाबाईच्या भावाचं प्रकरण मात्र खरंखुरं प्रतीक्षाधीन होतं. पोलिसांना मी तीन स्मरणपत्रं पाठवली होती. पण अहवाल बारनिशीत पडला, त्यावर सोमवारचा शिक्का बसला, की प्रकरण उडी मारून पहिल्या गठ्ठ्यात येणार. शून्याचं एक होणार. उपायुक्त साहेब तपासणीच्या गडबडीत, तेव्हा सहीला पाठवायचं तर अण्णांकरवी बंगल्यावर जावं लागणार, सही झाली नाही तर ते एक बुधवारी तपासणी अधिकाऱ्यासमोर बसून राहणार. पाकीटच आलं नाही तर सगळंच सोपं.

"आईचं काही खरं न्हाई, भाऊसाहेब," कौसाबाई म्हणाली. "घोट घोट पाणी जातंय नुसतं. सारखं रंग्या, रंग्या करती."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"दिस मोजा म्हणले."

"मग काढतील की दोन-तीन. हे बघा, आज घेतलं तरी सही गुरुवारीच व्हायची. पाकीट तुमच्या पिशवीत काय नि माझ्या टेबलावर काय, फरक काय पडतो?"

तिनं विचार केला. तिला ते पटलं. मलाही पटलं, हे विशेष.

"मग मी हितंच थांबते," ती म्हणाली. "गावाला जाऊन परत यायचं तर जाण्या-येण्यातच दोन दिस. गाडी चुकली तर गुरुवार हुकंल."

"आईजवळ कोण आहे?"

"शेजारीण हाय. भली हाय."

बाहेरच्या व्हरांड्यात एक लांब लाकडी बाक होता. तिथं ती बसली. पिशवी मांडीवर, पाकीट पिशवीत.

मंगळवारी मी कचेरीत आलो तर बाक भरलेला. रात्र तिनं एस. टी. स्टँडवर काढली होती. मला बघून उभी राहिली, परत बसली. मी आत गेलो. पण माझ्या खुर्चीतून दारातून नेमका तो बाक दिसायचा, आणि बाकावरून माझी खुर्ची. पाणी प्यायलो तरी ती बघायची.

दुपारी अण्णा माझ्याकडे आले. "मी पाचला साहेबांच्या बंगल्यावर जातोय, उद्याची तयारी दाखवायला. काही तातडीचं असेल तर दे, तिथंच सही घेऊन टाकतो."

मी गठ्ठ्याच्या नाड्या बांधत होतो. "काही नाही, अण्णा."

"त्या दुशिंगचं काय? आईचं होतं ना कुणाच्या?"

"पोलीस अहवाल नाही अजून."

अण्णांनी दारातून बाकाकडे पाहिलं. "मग ती बाई कशाला बसलीय?"

"विचारायला येते. रोजचंच."

अण्णांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली, आणखी एकदा बाकाकडे पाहिलं आणि निघून गेले. त्यांनी ओळखलं असेल का, हे मी पुढे तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काढूनही कधी विचारलं नाही. ओळखून गप्प बसले असतील, तर दोषातला थोडा वाटा त्यांच्या नावावर लिहिता आला असता. पण तेही खात्रीनं लिहिता येत नाही.

साडेपाचला मी बाहेर आलो. "बाई, उद्या इथं बसू नका. मोठे साहेब यायचेत. मागं सायकल स्टँड आहे, तिथं सावली असते."

"बरं," ती म्हणाली. आणि खरंच दुसऱ्या दिवशी ती मागं बसली.

बुधवारी तपासणी झाली. आलेले अधिकारी जाड भिंगांच्या चष्म्याचे, कुणाकडेही न बघता कागदाशी बोलणारे होते. माझा पहिला गठ्ठा मागितला. मी मोकळा फडका पुढे केला.

"हे काय?"

"निरंक आहे, साहेब."

चष्मा वर झाला. पहिल्यांदाच त्यांनी माणसाकडे पाहिलं. मग दुसरा गठ्ठा सोडायला लावला, मधूनच एक संचिका ओढली. दुशिंगचीच निघाली. एवढ्या संचिकांत नेमकी तीच निघावी याला मी नशीब म्हणत नाही. वर लाल शाईत 'तातडीचे' लिहिलेलं होतं, आणि लिहिलं होतं मीच.

"आई अत्यवस्थ. पोलिसांचा अहवाल नाही?"

"तीन स्मरणपत्रं दिलीत, साहेब. शेवटचं तारेनं."

त्यांनी तिन्ही पत्रांच्या तारखा बोटानं तपासल्या. "यापेक्षा तू काय करणार? पोलिसांनाच लाज नाही." आणि शेऱ्यांच्या वहीत लिहिलं की पाठपुरावा वाखाणण्याजोगा आहे, इतर टेबलांनी याचा कित्ता गिरवावा. तेव्हा चार वाजून गेले होते. मागच्या भिंतीला लागून, माझ्या पाठीपासून पंधरा-वीस फुटांवर, तो अहवाल कापडी पिशवीत होता.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला कौसाबाई दारात उभी. मी स्वतः तिच्याबरोबर बारनिशीत गेलो, शिक्का मारून घेतला, टिपणी आधीच लिहून ठेवली होती, साहेबांच्या केबिनमध्ये संचिका हातानं नेली. बारा वाजता सही झाली. तुरुंगाला बिनतारी संदेश गेला, आदेशाची एक प्रत तिच्या हातात दिली.

"दोन तासांत केलंत!" ती म्हणाली. माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरलो. एवढी लाज शिल्लक होती.

त्या घटकेला तिची आई गेलेली होती. बुधवारी दुपारी चारच्या सुमारास गेली. गुरुवारी सकाळी शेजारणीच्या नवऱ्यानं अग्नी दिला. रंगनाथ शुक्रवारी तुरुंगातून सुटून गावात पोचला तो राखेपाशी. कौसाबाईही पोचली ती सगळं उरकल्यावर. म्हातारीची दोन्ही लेकरं त्या तीन दिवसांत माझ्या एका शून्यापायी बसून होती, एक गजांआड, एक सायकल स्टँडवर. हे मला आठवड्यानं कळलं, पोलिसांच्या पत्रातून. संचिकेत मी ते क्रमांक घालून लावलं.

बाराव्या दिवशी एक माणूस माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. मुंडण केलेलं, अंगावर नवा पांढरा सदरा, घडीच्या खुणा तशाच. बुटका, अंगानं सुकलेला. मी त्याला दुसऱ्या कुणाच्या कामाचा समजलो.

"मी रंगनाथ भिकाजी दुशिंग," तो म्हणाला. तुरुंगात नाव सांगायची सवय लागते, तसं पूर्ण.

मी शाईच्या दौतीचं झाकण लावलं.

"बसा."

"उभाच बरा हाय. भाऊसाहेब, तुमचे उपकार झाले. दोन तासांत सही घेतली म्हणं तुमी. हवालदार सांगत होता, असा कारकून बगितला न्हाई."

"आईचं कळलं. वाईट झालं."

"तुमी तुमचं केलं. आमच्याच घरात खोट." त्यानं खिशातून आदेशाची प्रत काढली, चार घड्या उलगडल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तुरुंगात अक्षरं शिकला होता. "हितं बगा. पोलिसाचा रिपोर्ट रविवारच्या तारखेचा. आन तुमच्यापाशी आला गुरुवारी. मदले दिस कुटं गेले?"

आदेशाच्या संदर्भात तारखा मीच लिहिल्या होत्या. नियमाप्रमाणे लिहाव्या लागतात. शिक्क्याची तारीख तीच लिहायची, पाकीट टेबलावर कधी आलं होतं त्याला रकाना नसतो.

"मी तिला इचारलं," तो सांगत होता. आवाज चढत नव्हता, उलट खाली जात होता. "कौसे, हे चार दिस पाकीट कुटं होतं? तर म्हणती, माज्यापाशीच. परगावी कांद्याच्या काढणीला गेले होते, मजुरी बुडंल म्हणून कचेरीत गेले न्हाई. गुरुवारी गेले."

त्यानं प्रतीची घडी घातली.

"तीन दिसांच्या मजुरीपायी, भाऊसाहेब. सख्खी बहीण. दहा वर्षं मी तिच्याच जामिनावर तीनदा भाईर आलो, तिच्याच घरी राहिलो. आता न्हाई जायचं. जामीनदार बदलायचाय मला. अर्ज लिहून द्या."

आता बोलायचं होतं. वाक्य लहान होतं, सहा-सात शब्दांचं: पाकीट सोमवारी आलं होतं, मी घेतलं नाही. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. टेबलाच्या कडेवर ठेवलेले ते हात इतके शांत होते की मला त्यांचीच भीती वाटली. निकालपत्र मी वाचलेलं होतं. पाटकऱ्याच्या डोक्यावर किती घाव होते तेही वाचलेलं होतं.

मी कोरा कागद ओढला. "कारण काय लिहू?"

"लिहा की, बहिणीवर भरवसा ऱ्हायला न्हाई."

माझं अक्षर चांगलं आहे, अजूनही आहे. मी लिहिलं: 'सध्याच्या जामीनदार माझ्या भगिनी असून त्यांच्यावर माझा विश्वास उरलेला नाही.' त्यानं बोट लावून एकेक शब्द वाचला, मान हलवली, सही केली.

"दुसरा कोण?" मी विचारलं.

"बगतो गावात कुणी हाय का," तो म्हणाला, आणि जाताना पुन्हा हात जोडले.

नियमाप्रमाणे जुन्या जामीनदाराला नोटीस जाते. महिन्याभरानं कौसाबाई ती घेऊन आली. रंगनाथ तोवर रजा संपवून तुरुंगात परत गेला होता. ती बाकावर बसली नाही, सरळ आत आली, नोटीस आणि तिला जोडलेली अर्जाची प्रत टेबलावर ठेवली.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"हां." ती ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली. तिला वाचता येत होतं, तिसरीपर्यंत शिकलेली होती.

मी आवाज खाली आणला. "कौसाबाई, तुम्ही त्याला असं का सांगितलंत?"

"मग काय सांगायचं होतं?"

"खरं सांगायचं."

ती हसली. जोरात हसली असती तर बरं झालं असतं, असं हसली. "तुमी सांगितलं का, तो हितं उभा होता तवा? भाऊसाहेब, त्या पाटकऱ्यानं माज्या भावाला तीन बार म्हटलं होतं, उद्या ये. पाणी दुसऱ्याच्या रानात चाललेलं, पिकं जळालेली, आन हा रोज जाऊन उद्या, उद्या ऐकून येणार. चौथ्या दिशी फावडं घेऊन गेला. त्याच्याच डोक्यात मी घालू, की कारकुनानं मला गुरुवारी ये म्हटलं? तो पहिल्या गाडीनं तुमच्याकडं आला असता."

मी नोटिशीची पोचपावती तिच्यापुढे सरकवली.

"तुमच्यासाटी न्हाई केलं," ती म्हणाली. "तुमी मेला असता तर मला काय! त्याची चार वर्षं राहिलीत. ती फाशीपतोर गेली असती."

तिनं पोचपावतीवर सही केली. सावकाश, एकेक अक्षर दाबून. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "एक काम करा माजं. एकच. आता तो आत हाय. जाळीच्या पल्याड. तिथं तो कुणाला हात लावू शकत न्हाई. मुलाखतीच्या दिशी जाऊन त्याला सांगा की पाकीट मी सोमवारीच आणलं होतं. मी गेले होते, मला बगून उठून गेला. तुमी सायब हाय, तुमचं ऐकल. चार वर्षांत राग निवंल. सुटंल तवा माज्या दारात येईल तरी."

"जातो," मी म्हणालो.

"कवा?"

"जमेल तसं जातो. नक्की जातो."

तुरुंग आमच्या कचेरीपासून सायकलनं पंचवीस मिनिटांवर होता. मुलाखतीचे दिवस, वेळ, नाव कुठं नोंदवायचं, हे त्या इमारतीतल्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं.

ती पहिल्या वर्षी तीनदा आली. "गेलता का?" एवढंच विचारायची. मी सांगायचो, साहेब बदललेत, निवडणुकीचं काम आहे, मुलगी आजारी आहे. कारणं सगळी खरी होती. दुसऱ्या वर्षी दोनदा आली. विचारायची, उत्तर ऐकायची, बरं म्हणायची, जायची. कधी आवाज चढवला नाही, कधी अण्णांकडे गेली नाही. तिसऱ्या वर्षी एकदाच आली, कांदे घेऊन आली, पिशवीभर. मी घेतले नाहीत, तर टेबलाखाली ठेवून गेली. रंगनाथला दुसरा जामीनदार गावात मिळाला नाही. पाटकऱ्याची भावकी मोठी होती. त्यानं उरलेली चारही वर्षं सलग आत काढली.

एकदा मी गेलो होतो, हे लिहिलं पाहिजे. तुरुंगाच्या फाटकापर्यंत. रविवार होता, मुलाखतीच्या रांगेत बायका, डबे, लहान पोरं. मी सायकल उभी केली, रांगेत शेवटी लागलो. माझ्यापुढे नऊ जण उरले तेव्हा मला आठवलं की तपासणीचे शेरे अजून माझ्या सेवापुस्तकात आहेत, वरच्या जागेची यादी लागायची आहे, आणि कैद्यानं तिथं आत तोंडी तक्रार केली तरी ती लेखी नोंदवतात. मी सायकल घेऊन परत आलो. पुढच्या वर्षी मी अव्वल कारकून झालो.

त्यानंतर एका उन्हाळ्यात दुपारी दारात सावली पडली. कौसाबाई होती. केस पांढरे झाले होते, पण तीच पिशवी. आता मी अण्णांच्या खुर्चीत बसत होतो, तिला क्षणभर मी सापडलो नाही. सापडल्यावर ती आत आली आणि टेबलाला हात टेकून, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली,

"परवा सुटला तो. दारावरनं गेला माज्या, थांबला न्हाई. आता तो भाईर हाय, भाऊसाहेब. आता काही सांगू नका त्याला."